गावाची ओळख आणि गावाचा कारभार



व्याख्यानाच्या विषयात 'गावाची ओळख' हे शब्द वाचून काहींनी ढेमसा नृत्य, गोंडी गोंदण, मोहाची भाकर अशा गोष्टींची अपेक्षा धरली असेल. त्या गोष्टी मोलाच्या आहेत. पण त्यांच्याविषयी मी आज फारसे बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते कारभाराविषयी. एखादे लहानसे, आडवाटेचे, वेगळी भाषा बोलणारे गाव आपले वेगळेपण शतकानुशतके कशाच्या जोरावर टिकवते, हा माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आधी तुम्हाला दोन परक्या गावांत नेतो आणि मग आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात आणतो.

पहिले गाव आहे ट्योर्बेल. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांताचा वरचा भाग जर्मन बोलतो आणि खालचा फ्रेंच. वरच्या भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर, डोंगराच्या उतारावर हे गाव वसले आहे. वस्ती सगळी मिळून पाचसहाशे. उभ्या उतारावर राय आणि भाजीपाला पिकवायचा, गवत कापून साठवायचे, गाई पाळायच्या आणि चीज करायचे, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. शेत, बाग आणि गवताचे तुकडे ज्याचे त्याच्या मालकीचे. वरची उन्हाळी कुरणे, जंगल, पडीक जमीन, पाण्याचे पाट आणि रस्ते-पायवाटा मात्र साऱ्या गावाच्या.

१ फेब्रुवारी १४८३ रोजी या गावकऱ्यांनी एका दस्तावर सह्या केल्या आणि कुरणे, जंगल व पडीक जमीन यांचा वापर कसा करायचा हे ठरवण्यासाठी मंडळ स्थापन केले. इकडे आपल्या चांद्यात तेव्हा गोंड राजे होते. पुढे १५१७ मध्ये ट्योर्बेलच्या लोकांनी एक नियम लिहून ठेवला. हिवाळ्यात आपल्या गोठ्यात जितक्या गाई पोसता येतील तितक्याच गाई उन्हाळ्यात गावाच्या कुरणावर पाठवायच्या. नियम एवढाच. पण त्यात किती शहाणपण आहे पाहा. हिवाळ्यातला चारा स्वतःच्या जमिनीतूनच काढावा लागतो, त्यामुळे माणसाची हाव त्याच्या स्वतःच्या गवताच्या गंजीएवढीच राहते. श्रीमंताने बाजारातून पन्नास गाई आणून सार्वजनिक कुरणावर सोडायच्या आणि हंगाम संपताच विकून टाकायच्या, ही वाटच बंद झाली. जो जास्त गाई सोडेल त्याला दंड. दंड करणारा अधिकारी गावानेच नेमलेला आणि वसूल झालेल्या दंडातला निम्मा हिस्सा त्याचा. त्यामुळे त्याची नजरही चुकत नसे.

लाकडाची रीत तर आपल्या लोकांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. कोणती झाडे तोडायची हे गावाचा वनरक्षक खूण करून ठरवी. ज्यांना लाकूड मिळणार ती घरे मिळून तोड करीत, ओंडके सारख्या थप्प्यांत रचीत आणि कोणती थप्पी कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरे. थप्पी लावताना ती कोणाच्या वाट्याला जाणार हे माहीत नसल्याने सगळ्या थप्प्या सारख्याच लागत. गुरांचे मालक वर्षातून एकदा एकत्र बसत, नियम ठरवीत आणि कारभारी निवडीत. हिमप्रपाताने मोडलेल्या झोपड्या उभारणे आणि वाटा दुरुस्त करणे ही कामेही वाटून घेतली जात.

दुसरे गाव आहे बोस्को गुरिन. तेही स्वित्झर्लंडमध्येच, पण टिचिनो या इटालियन बोलणाऱ्या प्रांतात. तेराव्या शतकात वाले प्रांतातून डोंगर ओलांडून आलेल्या वाल्सर लोकांनी ते वसवले. तिथल्या चर्चची स्थापना १२५३ ची. तेव्हापासून आजवर चारी बाजूंनी इटालियनचा वेढा असताना या एकाच गावाने आपली जुनी जर्मन बोली धरून ठेवली. १९३८ मध्ये तिथे वाल्सर लोकांच्या घरात संग्रहालय उघडले. जुनी हत्यारे, वस्त्रे, भांडी सगळी नीट जतन केलेली आहेत. पर्यटक ती पाहायला जातात. मात्र कायमची वस्ती आज पन्नास-साठच्या आसपास आहे. संग्रहालय भक्कम उभे आहे आणि बोली बोलणारी तोंडे कमी होत चालली आहेत. त्या गावाची थट्टा मी करत नाही. कडेकपारीतल्या गावांतून तरुण पोटासाठी खाली उतरणार, हे सगळीकडचेच आहे. ट्योर्बेलची मंडळीही विसाव्या शतकात खालच्या खोऱ्यातल्या कारखान्यांत जाऊ लागली. तरी गावाने मिळून करायचे काही काम शिल्लक असले, तर ओळखीला रोजचा व्यायाम मिळतो. काम संपले की ओळख कपाटात जाते.

ट्योर्बेलचा अभ्यास रॉबर्ट नेटिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने केला. त्याच्या आधाराने एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की सामाईक संपत्ती सरकारच्या ताब्यात द्यावी किंवा तिचे खासगी तुकडे पाडावेत, याशिवाय तिसरी वाट आहे आणि ती लोकांनी शोधलेली आहे. या कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच २००९ साली आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गोंड गावाला त्याच्या जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाचे नाव मेंढा (लेखा).

मेंढा गडचिरोली-धानोरा रस्त्यावर आहे, धानोऱ्याच्या अलीकडे. मेंढा नावाची गावे अनेक, म्हणून शेजारच्या लेखा गावाचे नाव कंसात. वस्ती पाचशेच्या आसपास, घरात गोंडी, जवळून वाहणारी कठाणी नदी आणि भोवती सुमारे १८०० हेक्टर जंगल. आकाराने ट्योर्बेलचे भावंडच म्हणा. फरक असा की ट्योर्बेलच्या दस्तावर गावाच्या सह्या होत्या आणि मेंढ्याच्या जंगलाच्या दस्तावर शतकभर दुसऱ्यांच्याच सह्या होत गेल्या.

जमीनदारीच्या काळात इथल्या लोकांना निस्तार होता. घरासाठी लाकूड, जळण, चराई, बांबू या गोष्टी जंगलातून घेण्याची मुभा कागदोपत्री नोंदलेली होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी-जमीनदारी गेली, जंगल सरकारजमा झाले आणि निस्तार हळूहळू 'चोरी' ठरत गेला. जी काठी आजोबांनी कुडाला लावली, तीच नातवाने आणली तर पंचनामा. बांबूचे तर विचारूच नका. चंद्रपूरकरांना हे सांगायला नको की या जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद कारखान्याकडे जात राहिला, आणि टोपली विणणाऱ्याला मात्र दोन काठ्यांसाठी नाक्यावर हात जोडावे लागत.

या अन्यायाला वाचा फुटली ती धरणांच्या निमित्ताने. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम ही धरणे आली असती तर जंगलाचा आणि आदिवासी गावांचा मोठा भाग पाण्याखाली गेला असता. बाबा आमटे, आदिवासी नेते लालश्यामशाह महाराज आणि असंख्य साध्या माणसांनी १९८० च्या दशकात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे केले. धरणे थांबली. पण आंदोलन संपल्यावर मेंढ्यातल्या लोकांनी एक प्रश्न स्वतःला विचारला, आणि मेंढ्याची पुढची सगळी वाट त्या प्रश्नातून निघाली. जंगल आमचे आहे असे आपण म्हणतो, मग ते सांभाळायचे कोणी?

त्याच सुमारास घोटुलाची गोष्ट घडली. गावाने ठरवून जंगलातल्या लाकडाने घोटूल बांधले. वनखात्याने ते बेकायदा ठरवून लाकूड जप्त केले. गावाने पुन्हा बांधायचे ठरवले, आणि आजूबाजूची गावेही आपापल्या गावी घोटूल उभारायला निघाली. शेवटी खात्याला नमते घ्यावे लागले. घोटूल म्हणजे तरुणांनी एकत्र बसण्याची, शिकण्याची, नाचगाण्याची जागा. बाहेरच्यांनी त्याविषयी नको ते लिहून ठेवल्याने गावे ती प्रथा लाजून सोडत होती. मेंढ्याने ते लाजणे सोडले आणि पुढे सभाही घोटुलात भरू लागली.

चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल याच काळात मेंढ्यात पोचले. सर्वांच्या सहमतीने निर्णय घेणारे गाव ते शोधत होते. जानेवारी २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. त्यांनी मेंढ्याला शिकवले असे म्हणण्यापेक्षा त्यांनी मेंढ्यात ऐकले असे म्हणणे जास्त न्यायाचे होईल. मेंढ्याचे देवाजी तोफा आणि गावातल्या इतर मंडळींनी जी घोषणा दिली ती आज देशभर माहीत आहे : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. गोंडीत म्हणतात, मावा नाटे मावा राज. घोषणेचा पहिला भाग लोक विसरतात. दिल्ली-मुंबईचे सरकार आमचेच आहे, असे ती आधी मान्य करते. हे फुटून निघण्याचे बोलणे नव्हे.

मेंढ्याच्या कारभाराचे दोन खांब आहेत. एक ग्रामसभा, दुसरा अभ्यासगट. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतो. मतदान नाही. एकानेही हरकत घेतली तर विषय पुढच्या सभेवर जातो. दारूचा विषय असाच लांबत गेला. शेवटी सगळ्यांनी मिळून विक्री आणि पिऊन धिंगाणा बंद केला, पण देवपूजेत लागणारी मोहाची दारू ठेवली. वरून आलेला हुकूम असता तर हा बारकावा त्यात आला नसता. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही. तिथे फक्त विषय समजून घ्यायचा, बाहेरचा जाणकार आला तर त्याला विचारायचे, आणि मग ग्रामसभेत जायचे. निस्तार हक्काचे कागद, वनकायदे, पोळे न जाळता आणि माश्या न मारता मध काढण्याची पद्धत असे कितीतरी विषय या गटांनी चघळले. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक २०१२ मध्ये आले. ज्यांना तपशील हवा त्यांनी ते जरूर वाचावे.

आता बांबूकडे येतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज म्हटले आहे. मेंढा आणि गडचिरोली जिल्ह्यातलेच मर्दा ही देशात सामूहिक वनहक्क मिळालेली पहिली गावे. पण हक्काचा कागद हाती आल्यावरही गंमत अशी झाली की बांबू कापायला हरकत नाही, पण गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो देणार वनखाते. वापरायचा तर वापरा, विकायचा नाही, असे त्याचे तात्पर्य. ग्रामसभेने हट्ट सोडला नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झाले. एका सरकारी पावतीपुस्तकासाठी मंत्र्यांना गावात यावे लागले, यातच सत्ता कुठे मुरलेली असते ते कळते. जंगलाच्या मालकीची भाषणे खूप झाली. खरी सत्ता त्या पुस्तकातल्या सहीच्या जागेत होती.

त्यानंतर ग्रामसभेने बांबूची तोड स्वतः केली, निविदा काढल्या, मजुरी ठरवली, पॅन क्रमांक काढला आणि हिशेब ठेवला. २०१३ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकून महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा ठराव केला. कसायची ज्याची त्याने, पण गावाबाहेर विकता यायची नाही. ट्योर्बेलनेही असेच एक कुंपण घातले होते. परक्याने गावात जमीन विकत घेतली तरी कुरणावर आणि जंगलावर त्याला हक्क मिळत नसे.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही असे गाव आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. त्यांनी बसून जंगलाचे नियम लिहून काढले, शंभराहून अधिक. त्यातला एक ऐकून शहरातले लोक चक्रावतात. तेंदूपत्ता तोडणे त्यांनी बंद केले. हाती येणारा पैसा सोडून दिला. कारण पत्त्यासाठी झाडे छाटली जातात, चांगला पाला यावा म्हणून आगी लावल्या जातात, आणि फळ न धरल्याने पाखरे-जनावरे उपाशी राहतात. बांबूच्या उत्पन्नावर आमचे भागते, असे ते म्हणाले. वनखात्याने हा नियम केला असता तर मोर्चा निघाला असता. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभारली आणि तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः केले. तिथला निर्णय पाचगावच्या उलट आहे, पण तोही त्यांचाच आहे. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्काचे कागद आहेत. देशात दुसरीकडे एका जिल्ह्यात असे क्वचितच सापडेल.

कायद्यानेही गावाची ओळख मानली आहे, हे आपल्याला फारसे माहीत नसते. १९९६ चा पेसा कायदा गाव कशाला म्हणतो? आपल्या परंपरा आणि रूढींनुसार व्यवहार चालवणारा समाज जिथे राहतो ती वस्ती, पाडा किंवा टोला. महसुली नकाशातले गाव वेगळे आणि हे वेगळे. मेंढा हे लेखा ग्रामपंचायतीतले एक गाव होते. ग्रामपंचायतीच्या कचेरीत मेंढा हा एक वॉर्ड, पण घोटुलात बसले की पूर्ण गाव.

आता भाषेविषयी. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार नोंदले गेले. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशा अशा राज्यांत ते विखुरले आहेत. त्यामुळे कुठल्याच राज्यात त्यांची भाषा राज्याची भाषा नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही तिला जागा नाही. बोस्को गुरिनच्या मुलाच्या मागे निदान जर्मनीची पुस्तके, रेडिओ, विद्यापीठे उभी आहेत. एटापल्लीच्या मुलामागे काय आहे? तो पहिलीत जातो तेव्हा गुरुजी मराठीत विचारतात आणि तो गप्प बसतो. गुरुजींच्या लेखी तो मठ्ठ ठरतो. आपण मराठी माणसे मराठी शाळांसाठी हिरिरीने भांडतो, अभिजात दर्जासाठीही भांडलो. तेच आपण गोंडी मुलाच्या वर्गात 'इंग्रज' होतो, हे आपल्याला दिसत नाही.

धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिचे नावही घोटुलावरून ठेवले. शिक्षण विभागाने तिला विनापरवाना म्हटले आणि वाद न्यायालयात गेला. कायद्याच्या अंगाने काय व्हायचे ते होईल. मला महत्त्वाचे वाटते ते हे की शाळा काढावी असे ठरवणारी ग्रामसभा तिथे आधीपासून होती. मेंढ्यात सभेतले बोलणे गोंडीतच होते. जंगल, पैसा, भांडण, लग्न या सगळ्यांविषयी ज्या भाषेत ठरते, ती भाषा मुलांना टाकाऊ वाटत नाही. ज्या भाषेत फक्त गाणी उरतात, तिची गत बोस्को गुरिनच्या कपाटातल्या चरख्यासारखी होते.

या सगळ्यावर आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप असा की गावाची ओळख घट्ट झाली की परक्याला दार बंद होते. ट्योर्बेलने ते उघडपणे केले होते. आपल्या जिल्ह्यांत हा प्रश्न अवघड आहे. मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे वसवलेली आहेत. मिश्र वस्तीची गावे शेकडो आहेत. वनहक्क कायदा आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतो. असा कागद गरिबाच्या ट्रंकेत कुठून असणार? मेंढा एकाच समाजाचे गाव असल्याने त्याला सहमती सोपी गेली, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. पण मिश्र गावात सहमती अवघड आहे म्हणून तिथे ग्रामसभाच भरवायची नाही, हे उत्तर होऊ शकत नाही. तिथे उलट ती जास्त वेळा भरवावी लागेल.

दुसरा आक्षेप मोठ्या भांडवलाचा. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि त्याच डोंगररांगेतून लोहखनिज निघते. तिथे रोजगार हवा असणारेही लोक आहेत आणि डोंगर हवा असणारेही. गावाला विचारायचे की नाही, हा तिथला कळीचा मुद्दा आहे. विचारले आणि गाव हो म्हणाले, तर तो त्याचा निर्णय. न विचारताच ठरले, तर यात्रेला येणाऱ्या मंत्र्याने डोक्याला बांधलेल्या पिसांच्या मुकुटाला काही अर्थ राहत नाही.

तिसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. मेंढ्याला पाहुणे फार झाले. अधिकारी, विद्यार्थी, अभ्यासक, आमच्यासारखे व्याख्याते सगळे जातात आणि फोटो काढून येतात. आदर्श गाव म्हणून एक पाटी लावली की बाकीच्या गावांची जबाबदारी संपते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

म्हणून शेवटी काही मागण्या करतो. इथे वनखात्याचे आणि महसूल खात्याचे अधिकारी बसले आहेत. त्यांना विनंती की ज्या गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले आहेत, त्यांचे नकाशे आणि कक्ष क्रमांक गावातल्या भिंतीवर रंगवून द्या. कागद कपाटात असेल तर हक्कही कपाटातच राहतो. इथे शिक्षक आहेत. त्यांना विनंती की गोंडी किंवा माडिया येत नसेल तर निदान पहिलीच्या मुलाला समजेल इतकी शिका. तेवढ्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. आणि इथे गावाकडून शिकायला आलेले तरुण आहेत. तुम्ही सुटीत गावी जाल तेव्हा ग्रामसभेचे कार्यवृत्ताचे पुस्तक मागून वाचा. त्यात सह्या आहेत आणि ठराव नाहीत असे दिसले, किंवा ठराव आहेत आणि त्या दिवशी सभाच झाली नव्हती असे कळले, तर पुढच्या सभेला बसा आणि बोला. तुमच्या गावची ओळख त्या पुस्तकात लिहिली जात असते. ती कोण लिहितो आहे, यावर लक्ष ठेवा.